दार पुन्हा आपटशील का?

पातेलं अर्धंच घासून झालं होतं. तळाला करपलेलं दूध एका बाजूने निघालं होतं, दुसऱ्या बाजूला अजून काळं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबू नका वहिनी. असंच घासत राहा. फक्त नळ बंद करा आणि हातातली अंगठी काढा."

माझे धाकटे दीर. हातात ते केसाळ टोपी घातलेलं, आवाज टिपायचं यंत्र. मी अंगठी काढली, नळ बंद केला आणि मुकाट घासत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी मान हलवली. "नाही जमत. यात चिडचिड आहे. मला पश्चात्ताप पाहिजे." आणि माझं पातेलंच उचलून घेऊन गेले. संध्याकाळचं दूध मी कढईत तापवलं. पश्चात्ताप कुणाला झाला असेल तर मलाच, दार उघडं ठेवल्याचा.

भाऊजींचा धंदा लोकांना समजावून सांगणं म्हणजे डोकेफोड. सिनेमात नट बोलतो ते त्याचं असतं, पण तो चालतो ते भाऊजी चालतात. चित्रीकरणाच्या वेळी यंत्राचं सगळं लक्ष बोलण्याकडे. पावलं, कपड्यांची सळसळ, कपबशीची किणकिण हे सगळं नंतर बंद खोलीत पडद्याकडे बघत कुणीतरी करायचं असतं. ते कुणीतरी म्हणजे आमचे भाऊजी. नायिका रुसून जिना उतरते तेव्हा पोट सुटलेला हा गृहस्थ उंच टाचांच्या सँडल घालून फरशीवर टकटक करत असतो. कुणाचं हाड मोडलं की ते गाजर मोडतात. चुंबन असलं तर स्वतःच्याच मनगटाचं. हे शेवटचं सांगताना ते माझ्याकडे बघत नाहीत, मीही त्यांच्याकडे बघत नाही.

सासऱ्यांनी लहानपणीच त्यांचं नाव खुडबुड्या ठेवलं होतं. मुलगा बँकेत चिकटेल अशी त्यांची आशा होती. पण ज्याला नोटा मोजण्याचा आवाज नोटांपेक्षा जास्त आवडतो, त्याला बँकेत कोण ठेवणार?

देवाने माणसाला दोन कान दिले ते एकाने शब्द आणि दुसऱ्याने अर्थ ऐकावा म्हणून, असं मी आपलं समजत होते. भाऊजींच्या दोन्ही कानांत फक्त आवाज शिरतो. तुम्ही म्हणा, "भाऊजी, गॅसवर दूध आहे, लक्ष ठेवा." ते म्हणतील, "तुमचा घसा बसलाय का वहिनी?" घसा बसलेला असतो हे खरं. पण दूध गेलेलं असतं.

माझी जाऊ चष्म्याच्या दुकानात काम करते. भाऊजी तिथे चष्मा घ्यायला गेले होते. तिने चष्म्याची डबी टपकन बंद केली, तर हे म्हणाले, "पुन्हा करा ना." तिला हसू आलं. तिने डबी पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली, आणि अशी डबी उघडझाप करत करत दोघांचं लग्न झालं. बाई ज्या गोष्टीवर भाळते त्याच गोष्टीने पुढे तिचं डोकं फिरतं, हे मी तिला तेव्हाच सांगितलं असतं. पण लग्न ठरलेल्या मुलीला शहाणपण सांगणं म्हणजे वाहत्या नळाला बूच लावणं.

मागे ती तापाने फणफणली होती. मी पेज घेऊन गेले तर उशीजवळ यंत्र. "अहो, डॉक्टरांना बोलावलंत का?" मी विचारलं. "बोलावतो," ते म्हणाले, "पण खोकला बघा किती सुंदर आहे." पुढे एका सिनेमात तोच खोकला एका म्हाताऱ्या जमीनदाराला लावला. जाऊ बरी होऊन तो सिनेमा बघायला गेली आणि स्वतःलाच मरताना ऐकून आली. घरी येऊन फक्त एवढंच म्हणाली, "ताई, माझं मरण फार लांबवलंय हो त्यांनी."

तर आता त्या सिनेमाविषयी, ज्यात माझं पातेलं गेलं. तुम्ही तो बघितलेला नाही, कुणीच बघितलेला नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. नाव 'वरचा मजला'. नाव ऐकताच आमच्या ह्यांनी विचारलं, "रिकामा का?" एक नवरा-बायको जुन्या इमारतीत सगळ्यात वर राहत असतात. दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलेलं असतं, बायकोची बॅग भरून तयार असते, आणि त्याच सकाळी खालचा जिना कोसळतो. सुटका होईपर्यंत एकाच टाकीचं पाणी, एकच पावाची लादी आणि एकमेकांचं तोंड. संकटात नाती कशी टिकतात किंवा तुटतात, असं काहीतरी दाखवायचं होतं म्हणे. हे म्हणाले, "त्यासाठी जिना कशाला पाडायचा? आमच्याकडे लिफ्ट चालू असताना सगळं होतं."

दिग्दर्शिका तरुण होती. हात पोळल्यासारखे झटकत बोलायची. सिनेमात संगीत नाही, संवाद कमी, म्हणून सगळा भार आवाजांवर. "सगळा सिनेमा तुमच्या हातात आहे," असं तिने भाऊजींना सांगितलं. झालं. आधीच मर्कट. तिला मुख्य पाहिजे होता शेवटचा आवाज. शिडी लागते, बायको बाहेर पडते आणि दार लागतं. "त्या दारातून कळलं पाहिजे," ती माझ्याच सोफ्यावर बसून म्हणाली, "की ती परत येणार नाही. पण तिला स्वतःला ते अजून कळलेलं नाही."

"आणि दाराला कळलंय," हे वर्तमानपत्राआडून म्हणाले.

त्यानंतर भाऊजींनी नातेवाइकांची दारं आपटायला घेतली. आमच्याकडे एक दुपार खर्ची पडली. बेडरूमचं दार, गॅलरीचं दार, कपाटाचं, बाथरूमचं. प्रत्येक दार हळू, मग जोरात, मग "मन घट्ट करून", मग "मन न करता". चौकटीवरचा चुना माझ्या धुतलेल्या चादरींवर पडला. मी जप करत बसले होते, तो प्रत्येक धडाक्याला चुकायचा आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. देवालाही त्या दुपारी माझं नाव घ्यायची वेळ आली असेल.

चहाच्या वेळी शेजारीण आली. माझा हात धरून हळूच म्हणाली, "घरातलं घरात मिटवलेलं बरं, हे खरं. पण अगदीच असह्य झालं तर आमच्याकडे या. खोली आहे." आत हे सोफ्यावर शब्दकोडं सोडवत होते. जन्मात कधी आवाज चढवला नाही या माणसाने, चढवायचा तर उठून बसावं लागतं. पण त्या दिवसापासून शेजारीण लिफ्टमध्ये ह्यांच्याकडे पाठ करून उभी राहते.

हे सगळं चाललेलं असताना माझ्या जावेच्या डोक्यावर वेगळंच ओझं होतं. तिच्या मालकांनी दुसऱ्या गावी नवं दुकान काढायचं ठरवलं होतं आणि ते तिने एकटीने चालवावं अशी त्यांची इच्छा होती. गाव बसने अर्ध्या दिवसावर. रोज जाऊन-येऊन जमणार नाही, राहायलाच जावं लागणार. उत्तर महिनाअखेर द्यायचं होतं. तिला जायचं होतं. हे मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. आमच्या घरात चेहरे बघायचं काम माझ्याकडे असतं. पण नवऱ्याला सोडून जायचं नव्हतं, निदान विचारल्याशिवाय तरी नव्हतं.

"सांगितलंस त्यांना?" मी विचारलं.

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, पुन्हा सांग, मागे पंखा वाजत होता."

"मग पंखा बंद करून सांगायचं."

"केला बंद. तर म्हणाले, बघ, शांतता किती वेगळी असते बंद पंख्याची. आणि ती ऐकत बसले."

मी हसले. ती हसली नाही. "ताई, मला त्यांनी थांब म्हटलं तरी चालेल," ती म्हणाली. "जा म्हटलं तरी चालेल. मी काय विचारलं ते त्यांना कळलंय एवढं तरी मला दिसू दे."

महिना संपत आला तेव्हा मी माझं पातेलं मागायला त्यांच्या घरी गेले. दुपारची वेळ. दोघंही घरी. जावेच्या खांद्याला दुकानात न्यायची मोठी बॅग होती आणि ती दिवाणखान्याच्या मधोमध उभी होती. मला बघून थांबेल असं वाटलं, पण थांबली नाही.

"बरं झालं आलात ताई. साक्षीदार झाला." मग नवऱ्याकडे वळली. "आज मालकांना सांगायचंय. मला तुझं एक वाक्य पाहिजे. थांब म्हण. जा म्हण. मीपण येतो म्हण. काहीही म्हण, पण त्यात मी असायला पाहिजे."

"एक मिनिट," भाऊजी म्हणाले आणि आत जाऊन फ्रिजचं बटण बंद करून आले.

घरातली घरघर थांबली. मला वाटलं, चला, सद्बुद्धी सुचली, एकदाचा कान देऊन ऐकणार. जावेलाही तसंच वाटलं असणार, कारण ती जरा मऊ झाली. मग ती खूप बोलली. दुकानात तिला कुणी नावाने हाक मारतं तेव्हा बरं वाटतं, असं म्हणाली. घरात आपण भांडं आहोत की माणूस हे कळेनासं झालंय, म्हणाली. भांड्याला निदान तू वाजवून बघतोस. तापात मेले असते तरी तू आधी आवाज घेतला असतास, असंही म्हणाली, आणि तिथे तिला पुढे बोलता आलं नाही. भाऊजी डोळे मिटून ऐकत होते. मी मनात म्हटलं, देवा, आता याच्या तोंडून काहीतरी माणसासारखं काढ.

भाऊजींनी डोळे उघडले. "शेवटच्या वाक्याला तुझा श्वास काय अडकला," ते म्हणाले. "असा नट्यांना जमत नाही."

देव सगळ्यांचं ऐकतो, पण सगळ्यांना बोलायला शिकवत नाही.

जावेने बॅग सावरली, बाहेर गेली आणि दार असं आपटलं की भिंतीवरचा लग्नाचा फोटो तिरका झाला. फोटोतले दोघं अजून हसतच होते, फक्त उतरणीला लागल्यासारखे. जिन्यावर तिची पावलं उतरू लागली. भाऊजी उडी मारून उठले. या माणसाला धावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सिनेमात पुष्कळदा ऐकलं होतं. त्यांनी दार उघडलं, जिन्यात वाकले.

"अगं, थांब!"

पावलं थांबली. माझा जीव भांड्यात पडला.

"दार पुन्हा आपटशील का? मघाशी यंत्र चालू नव्हतं."

मी डोळे मिटले. असल्या प्रसंगासाठी कुठली प्रार्थना आहे ते आठवून बघितलं. नाही आठवली. मग ती वर आली. रागाने आली असती तर मला धीर वाटला असता. ती दुकानात गिऱ्हाइकाशी वागतात तशी आली.

"कुठे उभी राहू?"

भाऊजींना आनंद झाला. बिचाऱ्यांना वाटलं, जुने दिवस आले. लगबगीने त्यांनी यंत्र मांडलं, कानाला ते मोठे गोळे चढवले, तिला जागा दाखवली. "बॅग डाव्या खांद्यावर घे. चौकटीला घासली पाहिजे. हां. मघासारखंच कर."

"मघासारखं आता होणार नाही," ती म्हणाली. "ताई, तुमचं पातेलं ओट्यावर आहे, घासून ठेवलंय." बाहेर गेली आणि दार लावलं.

आपटलं नाही. शेजारी कुणी आजारी असेल तर आपण लावतो तसं लावलं. कुलपाची जीभ टकन बसली. पावलं जिना उतरली, घाई नाही, काही नाही.

भाऊजी गोळे कानाला लावून तसेच बसलेले. चेहऱ्याचा रंग उडत गेला. मी घाबरले, म्हटलं हा माणूस पडतो की काय.

"वहिनी," ते म्हणाले, "ही गेली."

"ते मीही बघितलं. मला यंत्र लागलं नाही."

"तसं नाही. मघाशी आपटलं ना, ते परत येणाऱ्या माणसाचं होतं. हे बघा, ऐका." त्यांनी ते गोळे माझ्या डोक्यावर चढवले. बॅग चौकटीला घासली. टक. मग पावलं. "यात राग नाही," ते म्हणाले. "तिने ठरवलंय."

मी ते डोक्यावरून काढून त्यांच्या मांडीवर ठेवले. "भाऊजी, हेच ती इतका वेळ तोंडाने सांगत होती. चांगल्या स्वच्छ शब्दांत. तुम्ही फ्रिजसुद्धा बंद केला होतात."

मी पातेलं घेतलं आणि निघाले. निघताना फ्रिज चालू केला. दूध नासलं असतं तर कुणाला हवं होतं?

जाऊ नव्या गावी गेली. तिथे दुकानाच्या वरच तिला राहायला खोली मिळाली. जाताना मला भेटून गेली, भाऊजींना नाही.

दिग्दर्शिका दारासाठी मागे लागली होती. तिला हवं होतं नेमकं तेच दार भाऊजींच्या यंत्रात तयार पडलेलं होतं. सगळ्या धंद्याचं सार्थक व्हावं असा आवाज. आणि आमच्या खुडबुड्याने आयुष्यात पहिल्यांदा एक आवाज कुणाला दिला नाही. "ते माझं नाही," एवढंच मला म्हणाले. तिला आमच्या घरी घेतलेल्या दारांमधलं एक काढून दिलं. बाथरूमचं. ते ऐकून दिग्दर्शिका रडली म्हणे. "हेच," म्हणाली, "हेच ते."

सिनेमा लागला तेव्हा आम्ही दोघं बघायला गेलो. छोटंसं थिएटर, निम्म्या खुर्च्या रिकाम्या, बाकीच्यांवर दिग्दर्शिकेचे नातेवाईक. जिना कोसळला, टाकी आटली, पाव वाळला, दोघं भांडली, दोघं रडली, एकदा अंताक्षरी खेळली. पातेलंही आलं, बाई पातेलं घासते आणि तिला पश्चात्ताप होतो. माझ्या पातेल्याने काम चांगलं केलं. मग शेवटी शिडी आली, ती बाई निघाली, सगळं थिएटर श्वास रोखून बसलं, आणि दार लागलं. त्या शांततेत आमचे हे, वर्षानुवर्षांच्या सवयीने, मोठ्याने म्हणाले, "कोण आहे आत?"

पुढच्या रांगेने वळून बघितलं. माझा चेहरा मी पर्समध्ये घातला.

नंतर एका पेपरात कुणा विद्वानाने लिहिलं की त्या दाराच्या अडखळत्या, ओलसर आवाजात शतकानुशतकांचा स्त्रीचा निर्धार आहे. आमचं बाथरूमचं दार खालून पाणी पिऊन फुगलंय. सुताराला कधीची सांगतेय. आठवडाभरात सिनेमा उतरला, निर्धारासकट.

भाऊजी मात्र त्या दिवशी थिएटरात कोपऱ्यातल्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "वहिनी, तिला फोन करतो, पण ती बोलत नाही."

"बोलत नाही की तुम्ही ऐकत नाही?"

खरं म्हणजे ती फोन उचलत होती. पण तिने अट घातली होती. ती दोन वाक्यं बोलणार, मग भाऊजींनी सांगायचं ती काय म्हणाली ते. पहिल्यांदा भाऊजी म्हणाले, "तू थकलेली वाटतेस." ती म्हणाली, "वाटते ते नको. मी म्हणाले काय ते सांग." सांगता आलं नाही. तिने फोन ठेवला. दुसऱ्यांदा भाऊजी म्हणाले, "मागे रस्ता आहे का गं? ट्रक गेला." फोन ठेवला. ट्रक गेला होता हे तिने मला नंतर सांगितलं.

मग भाऊजी आमच्याकडे सरावाला येऊ लागले. मी कणीक मळत बोलायची आणि ते समोर बसून परत सांगायचे. "वहिनी म्हणाल्या, कांदे संपले. वहिनी म्हणाल्या, दादाला सांगून काही उपयोग नाही." पन्नाशीला टेकलेला माणूस शाळेतल्या पोरासारखा बोट दुमडत बसतो. हे बघून आमचे हे म्हणाले, "मलाही शिकव की." मी म्हटलं, तुम्हाला ऐकू येतं, तुमचा रोग वेगळा आहे. भाऊजींनी लगेच मान डोलावली. "वहिनी म्हणाल्या, दादाचा रोग वेगळा आहे."

काल संध्याकाळी ते आले ते यंत्राशिवाय. खुर्चीच्या टोकावर बसले, चहालाही हात लावला नाही.

"आज बोलली," ते म्हणाले. "पुष्कळ बोलली. म्हणाली, खोलीला पश्चिमेची खिडकी आहे, दुपारी ऊन थेट गादीवर येतं. पडदे घेतलेत, पण दांडा आखूड पडतो. खिडकीचं माप सांगितलं. मी तिला ते माप परत सांगितलं. बरोबर आलं."

"आवाज कसा होता तिचा?" मी मुद्दाम विचारलं.

ते गोंधळले. जरा विचार केला. "ते लक्षात नाही राहिलं."

मी मनात देवाला हात जोडले, पण तोंडावर दाखवलं नाही. कौतुक केलं की हा माणूस बिघडतो. "मग? ये म्हणाली का राहायला?"

"नाही. दांडा आण म्हणाली. आणि म्हणाली, बसवून झाला की बोलू."

"तुम्ही काय म्हणालात?"

"आणतो म्हणालो."

तिला महिनाभर पाहिजे होतं ते एक वाक्य, आलं ते पडद्याच्या दांड्याबद्दल. पण त्यात ती होती, तिची खिडकी होती, आणि माप बरोबर होतं. मी त्यांच्यापुढचा गार झालेला चहा उचलला आणि पुन्हा गरम करायला ठेवला.

उद्या सकाळी हार्डवेअरचं दुकान उघडलं की भाऊजींना खिडकीच्या मापाचा पडद्याचा दांडा कापून घ्यायचा आहे.